सांबार आंबत नाही

ता. १९ नोव्हेंबर १९७४, मंगळवार

भरलं टोपलं घेऊन गेले, भरलं टोपलं घेऊन आले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. शहरात महाल वस्तीतल्या वामनरावाच्या खानावळीत माझ्यासाठी रोज दारामागचा पाट सरकवत. आज पाट भिंतीलाच टेकलेला. गल्ल्यावरून मान वर न करता वामनराव म्हणतो, "आजी, उद्यापासून नको. सांबार शिळा येऊन राहिला तुमचा. लेखी तक्रार आहे."

शिळा! तांबडं फुटताना मुळासकट उपटलेला, ओल्या गोणपाटात बांधलेला, दूधवाल्याच्या छकड्यावर आमच्या हुडकेश्वर गावाहून मांडीवर धरून आणलेला, नऊच्या आत त्याच्या दारात ठेवलेला. शिळा म्हणे. रविवारी ज्या सांबारवडीसाठी लोक गल्लीत उभे राहतात, ती वडी काय वामनरावाच्या मिशीतून निघते?

वर म्हणतो, आचारीही सांगून राहिला, दुपारून पानं हाताले चिकटतात. म्हटलं, आचाऱ्याचे हात धुवा.

"लेखी" हा शब्द त्याने दोनदा म्हटला. मला अक्षर येत नाही हे त्याला ठाऊक आहे. तोंडी तक्रार असती तर मी तोंडीच निपटली असती.

म्हणून आजपासून माझंही लेखी. सून शालू सातवी शिकलेली. मुलगा वसंता कन्हानच्या खाणीवर कामाला, त्याने आणलेली कोरी वही घरात पडून होती. मी बोलीन, ती लिहील, आणि शेवटी मला वाचून दाखवील.

पहिल्याच पानावर भांडण. ती वाचते, "कोथिंबीर शिळी."
"ही कोण वं? आपल्या वाफ्यात तर नाही उगवत."
"पुस्तकात असंच असते, आत्याबाई."
"पुस्तकात असन. टोपल्यात सांबार हाये. खोड."
खोडलं. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते, तेवढं चालवून घेतलं. सुनेलाही काहीतरी जिंकू द्यावं लागतं. पण सांबार तो सांबार.

ता. २०, बुध.

सकाळी उठले तर राग माझ्या आधी उठून बसलेला.

खानावळ नाही तर नाही. त्याच गल्लीच्या तोंडाशी गोणपाट टाकून बसले. वामनरावाला जाता-येता दिसावी म्हणून मुद्दाम. तो दोनदा गेला. दोन्ही वेळा त्याला आभाळात काहीतरी दिसलं.

माल जात होता. पान एवढं रुंद, एवढं हिरवं, बाया थांबून हात लावत होत्या. या पेऱ्याला शालूच्या हाताने कमाल केली. पस्तीस दिवसांत टोपलंभर. एक नथवाली बाई, महालातल्याच जुन्या घरची, म्हणाली, "अय्या, किती टपोरं पान हो आजी!" दोन जुड्या घेऊन गेली.

दुपार व्हायच्या आत तीच बाई परत. पिशवीतून जुडी काढून माझ्यापुढे धरली. धरली म्हणजे काय, लोंबकळली. भांडी पुसायचं फडकं असतं तशी.
"आजी, आजचीच होती ना ही?"
"तुमच्या पिशवीत ऊन शिरलं असन, बाई."
भली होती, हसून गेली. मी खोटं बोलले असं नाही. मला काय ठाऊक तिच्या पिशवीत काय शिरलं. पण ती गेल्यावर गोणपाट उचलून पाहिलं.

सगळ्याच तशा. एकीनेही मान वर धरली नव्हती.

छकड्यावर दूधवाल्याने विचारलं, "काय आजी, गप काहून?" म्हटलं, दात दुखते. मला दात चार. हे फक्त वहीला सांगून राहिले.

ता. २२, शुक्र.

आज परीक्षा घेतली. माझी नाही, सांबाराची.

धणे पेरायच्या आधी आपण पायताणाखाली रगडतो, एकाचे दोन करतो. तेव्हा काही उडाले असतील ते बकरीच्या खुंट्यामागे उगवले आहेत. त्यांना कोणी पाणी दिलं नाही, कोणी नाव घेतलं नाही. पान करंगळीच्या नखाएवढं, काडीला लालसर झाक. बकरी तिथे तोंड घालते आणि शिंकते.

त्यातली एक जुडी उपटली, वाफ्यातली एक. एकाच वेळी, एकाच हाताने. दोन्ही ओट्यावर एकाच गोणपाटावर. शालूला म्हटलं, "तू साक्षीदार."

ऊन ओट्याला लागलं तोवर दोघी ताठ. भाकरी झाल्या, वाफ्यातलीने मान कलती केली. नातीला न्हाऊ घातलं (मुन्नी, तीन वर्षांची, न्हाताना सगळ्या हुडकेश्वराला खबर देते), तोवर ती आडवी. जेवून जरा डोळा लावला, उठून पाहते तर चिंधी. खुंट्यामागची मात्र उभी. सासरी पहिल्या दिवशी सून उभी असते तशी, पदर सावरून.

मग दोघींचं एकेक पान चुरगाळून नाकाशी नेलं. खुंट्यामागचीने डोळ्यात पाणी आणलं. वाफ्यातलीला वास होता विहिरीच्या पाण्याचा.

म्हणजे वामनराव खरं बोलला? मेला खरं बोलला याचाच मला जास्त राग आला. पण शिळा नाही! सकाळी जिवंत उपटलेला सांबार दुपारी शिळा होत नसतो. काहीतरी दुसरंच आहे. मी शोधून काढीन.

(हे आत्याबाईंनी सांगितलेलं नाही. मी माझ्या मनाने लिहीत आहे. गव्हासाठी आणलेल्या युरियाच्या पोत्यातून मी सांबाराच्या वाफ्यांना तीन वेळा खत टाकलं. भाजीला पांढरं खत लावायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. पण दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या सगळ्या बायकांपुढे त्या हसून म्हणाल्या, "हिच्या हातानं गवतही उगवत नाही वं." म्हणून टाकलं. वाफे भरून आले. आता त्या रोज माझ्या हाताचं कौतुक करतात, आणि मला सांगता येत नाही. आज वाचून दाखवताना हे गाळलं. — शालू)

ता. २३, शनि.

पहिला संशय भिंतीवर. पलीकडच्या शेताचे प्लॉट पाडले, तिथे एकाने पुरुषभर भिंत घातली. तिची सावली वाफ्यावर पडते म्हणून सांबार उन्हाविना वाढला, पोचट झाला, असं मी ठरवलं. भिंतवाल्याला तासभर ऐकवलं. तो बिचारा "हो जी, हो जी" करत राहिला. मग सावली पावलांनी मोजली. न्याहारीच्या वेळेलाच निघून जाते. भिंत सुटली. शिव्या परत घेता आल्या असत्या तर घेतल्या असत्या.

दुसरा संशय पाण्यावर. मोट होती तेव्हा बैलाला दया यायची, आपल्यालाही. दसऱ्याला मोटार बसली, आता बटण दाबलं की पाट वाहून राहिला. बटण दाबायला मलाच आवडते, ते कशाला लपवू. रोज संध्याकाळी दाबते. आज वाफ्यातली माती मुठीत आवळली तर बोटांतून पाणी आलं. सांबाराला रोज उशाशी पाणी मिळालं तर त्याने मूळ खाली कशाला न्यावं? बसल्या जागी ताट आलं तर कोण उठते? आमच्या धाकट्या जावयाला विचारा.

तर पाण्याचं पाप माझं. पण नुसत्या पाण्याने असा पोपटासारखा रंग येत नाही. पाण्याने वाढलेला सांबार फिक्का असतो. हा रंग माझ्या ओळखीचा नाही.

शालूला म्हटलं, तुझ्या हाताला गुण आहे यात वाद नाही. पीक तूच आणलं. फक्त टिकत नाही एवढंच.

मी इतकंच बोलले. पेन अजून चालू आहे.
"काय वं लिहून राहिली?"
"तारीख."
"तारीख येवढी लांब?"

(सांगायला तोंड उघडलं होतं. "तुझ्या हाताला गुण आहे" म्हणाल्या आणि मिटलं. — शा.)

ता. २४, रवि.

वसंता सुट्टीवर आला. येताना कन्हानच्या बाजारातून मुन्नीला शिट्टी. त्याला कोणी सांगावं, तिला शिट्टीची गरज नाही.

जेवण झाल्यावर वही त्याच्या हातात दिली. शालू आत भांडी घासून राहिली होती. म्हटलं, "शुक्रवारचं वाच. माझं बोलणं मलेच ऐकायचं हाये."

वाचलं. चांगलं वाचतो. भाकरी, मुन्नीचं न्हाणं, चिंधी, विहिरीचा वास, "मी शोधून काढीन". मी मान डोलवून राहिले. मग थांबला. खोकला. म्हणतो, "'...नंतर आम्ही जेवलो.'"

शुक्रवारी जेवण झोपेच्या आधी झालं होतं. ते मी सांगितलंही होतं. झोपून उठल्यावर, जुडी चिंधी झाल्यावर, पुन्हा कोण जेवलं?

"आणखी काय हाये?"
"काही नाही, माय. संपलं."

आणि कानाची पाळी ओढली. वसंता सात वर्षांचा होता तेव्हा शेजारचे पेरू खाऊन पाळी ओढत माझ्यापुढे उभा राहायचा. आता मिशा आल्या, खाणीवर वीस माणसं हाताखाली, पाळी तीच.

वही मिटली. कोठीत जाऊन आले.

आता शालू हे लिहून राहिली आहे आणि वसंता बाहेर मोटारीशी खुडबुड करून राहिला आहे. मोटारीला काही झालेलं नाही. कान लाल.

ता. २५, सोम.

आज शालूला सोबत नेलं. मुन्नी शेजारी ठेवली. छकड्यावर शालूने विचारलं, मला काहून नेता? म्हटलं, महाल दाखवते.

खानावळीत सकाळची गर्दी. दारावर खडूने लिहिलेली पाटी. वामनराव म्हणतो, "आजी, सांगितलं नं तुम्हाले."
"तक्रार दाखव."
"तुम्हाले काय वाचता येते?"
"मले नाही येत. मी डोळे सोबत आणले."

खिळ्याला सुतळीने वही टांगलेली. शालूने पानं उलटली. मी तिच्या तोंडाकडे पाहून राहिले. ती वाचते, "आजचं सांबार आंबलेलं होतं. इडलीबरोबर घशाखाली उतरलं नाही." खाली सही. दोन महिन्यांपासून तिथे जेवणारा बँकेतला साहेब, पुण्याकडून बदलून आलेला.

"काय? पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं. आणि शालूने पदर तोंडात कोंबला. खांदे हलून राहिले. मला वाटलं रडते. हसत होती.

"आत्याबाई, हा आपला सांबार नाही. तिकडचे लोक इडलीसोबतच्या त्या पातळ वरणाले सांबार म्हणतात."

दिवाळीपासून वामनरावाने इडली सुरू केली होती. पाटीवर लिहिलं आहे "इडली व मद्रासी वरण". सांबार लिहिलं असतं तर आपल्या लोकांनी विचारलं असतं, इडलीवर नुसता हिरवा सांबार भुरकावून देता का म्हणून. तर वामनरावाच्या घरात ते वरण. साहेबाच्या घरात ते सांबार. आणि दोघांच्या मध्ये माझं टोपलं.

मग मी तोंड उघडलं. गल्लीतल्या सायकली थांबल्या.

"वामनराव, सांबार कधी आंबते का जी? चाळीस वर्षं सांबारवडी खाल्ली तुमच्या घराण्यानं! सांबार सुकते, सडते, काळा पडते, मान टाकते. आंबते कढी. आंबते इडलीचं पीठ. आंबते माणसाची अक्कल, फार दिवस गल्ल्यावर बसलं की! तुमचं वरण नासलं आणि सुतक माझ्या टोपल्याले?"

एक म्हातारा ताटावरून उठून टाळी वाजवायला लागला. वामनराव खाली उतरला, हात जोडले. "चूक झाली जी, आजी. वाचणाऱ्याची चूक." पाट सरकवला. चहा मागवला. "उद्यापासून आणा. तोच आणा, मोठ्या पानाचा. लोकांना आवडते."

तोच आणा.

आचारी आतल्या दारात उभा होता. पंच्याला हात पुसत. तो काही बोलला नाही. मला अक्षर येत नाही, पण त्याचं ते न बोलणं मी नीट वाचलं.

चहा अर्धा ठेवला. परत येताना छकड्यावर बसलो. दूधवाला म्हणतो, "जिंकल्या ना आजी?" सगळ्या महालाला खबर होती. ओरडत होते तेव्हा सगळं खरंच बोलत होते. तरी माझाच आवाज माझ्या कानाला...

राहू दे. इथेच थांबव.

ता. २६, मंगळ.

लिही, शालू. पेन खाली ठेवू नको.

रविवारी वसंताने पाळी ओढली तेव्हा मी कोठीत गेले होते. गव्हाच्या खताचं पोतं. शिवण उसवून पुन्हा सुतळीने बांधलेली. गहू तर अजून पेरायचा आहे. हात घातला तर कोपरापर्यंत गेला तेव्हा खत लागलं. आणि आत मुन्नीची दुधाची वाटी. चिमलेली. ती वाटी हरवली म्हणून आपण दोघींनी कामवालीवर संशय घेतला होता, आठवते?

हेही लिही. पोत्याचं मला रविवारीच कळलं होतं. तरी सोमवारी मी वामनरावाच्या दारात चिल्लावले. आधी त्याची चूक काढायची होती मला. आपली मागून काढता येते.

लिहिलं? वाच.

आता ऐक. दसऱ्याला मी बायकांपुढे जे बोलले ते मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. आज सकाळी विचारलं, "काहून केलं वं?" तेव्हा तू सांगितलं. मी असं बोलते, शालू. जीभ सैल आहे. माझी सासू मला "आंधळी कोंबडी" म्हणायची, मीही हसायचे. आणि घरी येऊन विहिरीच्या काठाला लाथ मारायचे. ते मी विसरले आणि तिचीच जीभ घेऊन बसले.

पण तुझ्यावरचा राग गेला असं समजू नको. खत टाकलं त्याचा आहेच. चार दिवस माझ्या तोंडासमोर पेन धरून बसली आणि गप राहिली, त्याचा जास्त. मी भिंतीला शिव्या देत होते तेव्हा तरी बोलायचं! त्या बापड्या भिंतवाल्याने काय घोडं मारलं होतं?

तर निकाल असा. पाण्याचं पाप माझं, खताचं तुझं. दोन्ही मिळून सांबाराला सुजवलं. सूज आणि अंग यात फरक असतो.

(वाटी घासून फळीवर ठेवली. — शा.)
काय लिहिलं? वाच. बरं. राहू दे ते.

ता. २८, गुरु.

वामनरावाचा माणूस सायकलवर इथपर्यंत आला. दोन दिवस माल काहून नाही? रविवारी त्याच्याकडे साखरपुडा आहे, सांबारवडी लागते, टोपलंभर पाहिजे.

म्हटलं, नाही.
"शेतात तर दिसून राहिला, आजी."
"दिसते. पण तो नाही देत."
"काहून?"
"दुपारी वडी थापन, संध्याकाळी पाहुणे खातीन. तोवर त्याच्यात सांबार राहत नाही, नुसतं हिरवं राहते. वामनरावाले सांग, चाळीस-पंचेचाळीस दिवस थांब."
तो हसला. "आजी, एवढे दिवस कोणी थांबते का?"
"मग नको थांबू म्हणा."

म्हातारीने महालभर भांडून तक्रार खोटी पाडली आणि आता स्वतःच माल देत नाही. लोक म्हणतील, डोक्यावर परिणाम झाला. म्हणू देत. पाट माझ्यासाठी सरकवला तर त्यावर मला ताठ बसता आलं पाहिजे.

दोन्ही वाफे उपटले. बकरीपुढे टाकले. तिने हुंगलं आणि खुंट्याकडे वळली. खुंट्याकडे! ऐतखाऊ, पण नाक आहे.

नवे वाफे जरा वरच्या अंगाला, जिथे दिवसभर ऊन. दोन वर्षांचं कुजलेलं शेणखत. पाणी मोटारीने नाही, घागरीने, माती वरून पांढरी पडली की मगच. पेरणी शालूने केली. धणे तिनेच रगडले. मी बांधावर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हात राहिले, जीभ दोनदा सुटली. एकदा म्हटलं, "दाट पडून राहिले वं." तिने मान वर न करता म्हटलं, "पडू द्या."

पडू दिले.

ता. २० डिसेंबर, शुक्र.

बरेच दिवस वही नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं. सांबार उगवायला वेळ घेतो आणि मी बोलले म्हणून लवकर येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

बोटभर आला आहे. किडकिडीत. पिवळट नाही, पण डोळ्यात भरेल असंही काही नाही. शालू रोज जाऊन पाहते. परवा मला म्हणते, "थोडं पाणी देऊ का, आत्याबाई?" तिच्या आवाजात घागरभर भीती होती. माझंही मन होत होतं. म्हटलं, "नको. मोटारीचं बटण मीच बांधून ठेवलं आहे, सुतळीनं. माझ्यावर माझा भरोसा नाही."

दूधवाल्याने बातमी आणली. वामनरावाच्या दारात आता दुसरा एक जण देऊन राहिला. पान हातभर. लोक खूश. पाट त्याला.

हातभर! सांबार आहे का केळीचं पान? ज्याला त्याला मोठं पाहिजे. मोठं पान, मोठी जुडी, मोठी भिंत. नाक कोणाला राहिलंच नाही, नुसते डोळे. सर्दी झालेलं गाव.

फार संतापले. शालूने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, मला नको, मी तुझा जुना वाफा नाही.
दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

ता. १२ जानेवारी १९७५, रविवार

आज अक्षर वसंताचं आहे. त्याला सांगितलं, जसं बोलते तसं लिही आणि जेवल्याचं घालू नको.

पहाटे शालूने सांबार उपटला. मुळासकट, माती झटकून, दव उतरू देऊन. दव अंगावर असताना बांधला तर काळा पडतो, हे तिला सांगावं लागलं नाही. जुड्या लहान. टोपलं अर्धंच भरलं. वास मात्र असा की दूधवाला म्हणाला, आज माझ्या दुधाला लागन जी हा वास.

माझे गुडघे परवापासून बसले आहेत. म्हटलं, संक्रांतीनंतर जाऊ. शालू म्हणाली, "मी जाते." एकटी. लग्नानंतर एकटी महालात कधी गेली नाही.

"वामनराव म्हणन, पान लहान."
"म्हणू द्या."
"तो दुसरा बसला असन पाटावर."
"मी पाटावर नाही बसत. एक जुडी आचाऱ्याच्या हाती देते आणि म्हणते, दिवा लागेपर्यंत ठेवून पाहा, त्या दुसऱ्याच्या जुडीजवळ."
हे मी शिकवलं नव्हतं.

जाताना तिने त्याच वाफ्यातली एक जुडी ओट्यावर ठेवली, गोणपाटावर. म्हणाली, तुम्ही इथीसा पाहा, मी तठी पाहते.

तेव्हापासून ओट्यावर बसले आहे. ऊन आलं, भाकरी झाल्या (वसंताने केल्या, नकाशे झाले), मुन्नीचं न्हाणं झालं. आज झोपले नाही. ऊन ओट्यावरून उतरलं, अंगणात गेलं, आता कुंपणापाशी. जुडी उभी आहे. कडेचं एक पान जरा वळलं आहे, खोटं कशाला बोलू. बाकी उभी.

छकडा अजून आला नाही. दिवा लागायला वेळ आहे. वसंता तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. विचारते, "काळजी वाटून राहिली का गा?" म्हणतो, "नाही." पाळी ओढली.

बस, इथे थांबव. नाही, रेघ मारू नको. खालचं पान अर्धं कोरं ठेव. शालू आली की तिला काय लिहायचं ते ती लिहील. कंस घालू नको म्हणावं.

मले वाचून दाखवलंच पाहिजे असं काही नाही.